उलटा मुरलेला चहा

१

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी, बदलापूरच्या मांजर्लीत नदीच्या अंगाला असलेल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर चार माणसं चहा प्यायला बसली, आणि पहिल्याच घोटात लक्षात आलं की आपला चहा गेला. म्हणजे तो कपात होता, वाफाळत होता. पण तो तो नव्हता.

हे जरा मागून सांगायला हवं. हरिचंद्र अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात अधिकारी होते. कंपनीने त्यांना यंत्रं बघायला चीनच्या युन्नान प्रांतात पाठवलं होतं. लोक तिकडून मोबाइल आणतात, फार तर रेशीम. हरिचंद्रांनी पिशवीभर पाला आणला. पु-एर नावाचा चहा, वडी न थापलेला, सुट्ट्या पानांचा आणि त्याच वर्षी खुडलेला. घरी पहिल्यांदा केला तेव्हा पिवळसर हिरवं पाणी निघालं आणि ते इतकं कडू होतं की समीर नावाच्या भाच्याने आपला वाटा गुपचूप खिडकीबाहेर ओतला. हरिचंद्र शांतपणे म्हणाले की चहा तरुण आहे, म्हणून असा बोलतो. मुरू द्या, माणसात येईल.

त्यांनी तो चिनी मातीच्या बरणीत भरला, तोंडाला लोणच्यासारखा दादरा बांधला, आणि बरणी माळ्यावर वर्षाच्या गहू-तांदळाशेजारी ठेवली. वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेला, एक किटली. दुसऱ्यांदा मागायचा नाही. गाळणी लावायची नाही. उमललेली पानं सगळ्यांनी बघायची, हुंगायची, मग प्यायचं. पिवळं पाणी मधाच्या रंगावर आलं, मधाचं तांब्यावर. कडूपणा मागे सरला आणि त्याच्या जागी कापूर, जुनं कपाट, ओली माती असं काहीबाही यायला लागलं. तीन वर्षांपूर्वी हरिचंद्र झोपेतच गेले. चहा मुरत राहिला. त्यांची पत्नी पद्मजा दर वर्षी किटली करत राहिली, आणि एक कप त्यांच्या खुर्चीसमोर ठेवत राहिली.

यंदा तो कडू लागला. पद्मजाबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, पहिल्या वर्षी असाच होता. समीरलाही तो खिडकीबाहेरचा चहा आठवला. मुलगी चैत्राली ठसकली. चौथ्या होत्या विठाआत्या, हरिचंद्रांची थोरली बहीण, सोनिवली गावच्या. बिनदुधाच्या चहाला त्या काढा म्हणत आणि कप नुसता कपाळाला लावून खाली ठेवत. त्या उठल्या आणि भावाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

"हरी आला," त्या म्हणाल्या. "मागं फिरून आला."

नेमके तेव्हाच दिवे गेले. बदलापुरात दिवे जायला भूत लागत नाही. पण त्या दिवशी हे कोणाला सुचलं नाही.

२

मुरलेल्या लोणच्याची पुन्हा कैरी होत नाही, एवढं तर कुठल्याही घरात ठाऊक असतं. त्यामुळे चैत्रालीने त्याच आठवड्यात अंबरनाथला मधूकाकांना गाठलं.

मधूकाका हरिचंद्रांच्याच कारखान्यातले. सगळी नोकरी रंग जुळवण्यात गेली. गिऱ्हाईक एक कपटा आणून देई आणि म्हणे, असाच हवा. आणि मधूकाका तो बघून सांगत की यात काळा किती आणि खोटं किती. दर वर्षीच्या त्या चहाला ते हटकून असायचे. यंदा मात्र मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरने वाकायचं नाही, रडायचं नाही आणि वाफ घ्यायची नाही असं बजावलं होतं. या तीन अटींत पद्मजावहिनींच्या घरचा चहा बसत नव्हता.

चैत्राली बँकेत नोकरीला, राहायला सोनिवलीच्या एका नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. तिने जे सांगितलं त्यात चहा थोडा होता आणि पाणी फार. गेल्या पावसाळ्यात नदी मांजर्लीत शिरली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती, फोन बंद पडला होता, आणि चैत्राली रस्त्याच्या अलीकडे कमरेइतक्या पाण्यात उभी राहून दिवसभर तोच नंबर लावत होती. आईला बोटीतून काढलं. त्यानंतर महिनोन्‌महिने समजावून आई सोनिवलीला यायला तयार झाली. खोकी बांधून झाली. अक्षय्य तृतीयेचा चहा झाला की निघायचं, असं ठरलं.

चहा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने खोकी सोडून भांडी परत मांडणीवर लावली. म्हणाली, हे आलेत. आता मी यांना टाकून कशी येऊ.

चैत्रालीचा संशय समीरवर होता. तो विठाआत्यांचा मुलगा. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये त्याने चहाचं दुकान काढलं होतं, आणि मामाच्या बरणीतली मूठभर पानं दे म्हणून तो मामीच्या मागे लागला होता. मामीने दिली नाहीत. तेव्हा त्यानेच जुना चहा काढून नवा भरला असणार.

मधूकाकांनी विचारलं की समज, तसं निघालं, तर पुढे काय.

"काका, चोर सापडला की भूत जाईल," चैत्राली म्हणाली. "भूत गेलं की आई येईल. पावसाच्या आत मला आई हवी आहे. चहा गेला खड्ड्यात."

मधूकाकांनी मान हलवली. इतक्या सरळ हिशेबात काहीतरी चुकलेलं असतं, हे त्यांना कारखान्यात कळलं होतं. पण ते काय चुकलंय हे बघायला मांजर्लीला जाणं भाग होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना जायचं नव्हतं. हरिचंद्र गेल्यापासून त्या घरात त्यांना बोलताना आवाज खाली घ्यावासा वाटे.

३

त्या घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे. दर दिवाळीला तिच्यावरून रंग फिरवतात आणि संक्रांतीच्या आत ती पुन्हा वर येते. मधूकाकांनी पूर्वी हरिचंद्रांना सांगितलं होतं की ओल आतून आहे, रंग धरणार नाही. हरिचंद्र हसून म्हणाले होते की मग राहू दे, नदी सही करून गेली आहे असं समजू.

पद्मजाबाईंनी आलं घालून साधा चहा केला, डोळ्याची चौकशी केली, आणि थेंब वेळेवर घालता ना, हे दोनदा विचारलं. मग नळ गळतो आहे हे सांगावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं की दुपारी डोळा लागला की माळ्याकडून खाकरल्यासारखं येतं. संध्याकाळी ह्यांच्या खुर्चीची बैठक गरम लागते. पंखा एक नंबरवर ठेवला तर आपोआप दोनवर जातो, आणि ह्यांना दोनच लागायचा.

मधूकाका म्हणाले, बरणी बघता येईल का. पद्मजाबाई म्हणाल्या, उघडली की हवा लागते, पुढच्या वर्षीपर्यंत नाही. मग एक घोट तरी? तो तर नाहीच. वर्षातून एकदा, हा ह्यांचा नियम.

मधूकाकांनी नियमाला मान दिला. मग सहज विचारावं तसं विचारलं की चव खरंच पहिल्या वर्षीसारखी होती का.

पद्मजाबाई खिडकीतून नदीकडे बघायला लागल्या. एप्रिलात तिथे नदी म्हणून फारसं काही नसतं, दगड असतात आणि दगडांवर वाळत घातलेल्या गोधड्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "घोट घेतला आणि मी चाळिशीची झाले. हे दारात उभे होते. पिशवी हातात."

त्या हे बोलत असताना त्यांच्या अंगावर काटा आलेला मधूकाकांनी पाहिला. काटा खोटा येत नाही. तो आणायची विद्या त्यांनी आयुष्यात कुठल्याही कारखान्यात पाहिली नव्हती. मधूकाका उठले, चपला घालायला वाकायचं नाही म्हणून भिंतीला धरून उभे राहिले, आणि तेवढ्यात माळ्याच्या बाजूने कोणीतरी घसा साफ केला.

पाल असेल. पण पालीला खोकला होत नाही. मधूकाका पट्टे न लावताच बाहेर पडले.

४

कॅम्प दोनमध्ये भुताला उभं राहायलाही जागा नाही. एकीकडे जीन्सची शिलाई, दुसरीकडे मोबाइलची काच, मध्ये हातगाडीवर दाल-पकवान, आणि त्या सगळ्यावर समीरच्या दुकानाची निऑनची पाटी. भागीदार सिंधी होता. त्याचा चहा या विषयावर काडीचा विश्वास नव्हता. तो गल्ल्यावर बसून सोडा प्यायचा.

समीरने काकांना हाताला धरून आत नेलं आणि विचारायच्या आत बोलायला लागला. चैत्राली त्याच्यावर शक करते, हे त्याला कुणाच्या तरी नणंदेकडून कळलं होतं. त्याचं म्हणणं असं होतं की मामाचा चहा त्याने ढापला असता तर तो दुकानाबाहेर बोर्ड लावून विकला असता. चोरून विकायला त्याला जमत नाही, त्याला सगळं ओरडून विकायची सवय आहे. मधूकाकांना हे पटलं. पण मागच्या फळीवर त्यांना एक डबा दिसला. चिठ्ठीवर पु-एर असं लिहिलेलं होतं.

समीर जरा पांढरा पडला. डबा कोलकात्याहून मागवलेला होता. यंदाचाच, सुट्टा. कधीतरी मामासारखं मुरवायचं डोक्यात होतं, पण दुकानात धीर धरायला जागा कुठे.

मधूकाकांनी तो करायला लावला. काचेच्या पेल्यात पिवळं, किंचित हिरवट पाणी उतरलं. तळाला पानं लांब, ऑलिव्हच्या रंगाची, टोकांवर चंदेरी लव. घोट घेतला तसं तोंड आवळलं. जीभ, टाळू, हिरड्या, सगळं कडू, आणि मागे चुलीच्या धुराचा वास. मधूकाका दुसरा घोट घेणार, तर समीरने त्यांचा हात धरला.

"रुको काका. याची गंमत आता आहे. गिळून गप बसा."

मधूकाका गप बसले. थोड्या वेळाने घशाच्या तळातून काहीतरी वर यायला लागलं. गोड. साखरेसारखं नाही, आवळा खाऊन पाणी प्यावं तसं. कडू गेलं होतं त्याच वाटेने ते परत येत होतं. कोवळ्या पु-एरची हीच खूण, समीर म्हणाला. तो आधी शिवी देतो आणि मग दारापर्यंत सोडायला येतो.

मधूकाकांनी विचारलं की त्या संध्याकाळी मामीकडे असं गोड आलं होतं का. समीर विचारात पडला. आलं नव्हतं. घरी जाऊन त्याने पेढे खाल्ले तरी तोंड कडूच होतं.

आणि मग त्याने फोन काढला. त्याने त्या दिवशी व्हिडिओ केला होता, खाली ओळ टाकली होती, मामा का चाय रिवर्स हो गया. मधूकाकांनी नवा डोळा पडद्याजवळ नेला. पद्मजाबाई कपात चहा ओतत होत्या. धार लालसर काळी होती, जुन्या शिसवी कपाटासारखी. अशा रंगाला वर्षं लागतात. तो कोणाला डब्यात भरून आणता येत नाही.

म्हणजे रंग म्हातारा आणि चव तरुण. चव म्हातारी झाल्यावर वरून तरुण रंग लावणारे मधूकाकांनी पुष्कळ पाहिले होते, त्यांच्या कारखान्यातून तर केसांचे कलपही जात. हे उलटं होतं. चहा कोणी बदलला नव्हता. तो जुनाच होता, आणि त्यात काहीतरी कडू शिरलं होतं.

समीर सुटकेचा श्वास टाकत होता. मधूकाका मात्र व्हिडिओ पुन्हा मागे नेत होते. एके ठिकाणी त्यांनी तो थांबवला. पद्मजाबाईंच्या डाव्या हातात, कपावर धरलेली, गाळणी होती.

त्या घरात या चहाला गाळणी कधी लावली गेली नव्हती.

५

मराठी घरात चहाचा चोथा केरात जात नाही. तो कुंडीत जातो. पद्मजाबाई दुपारी मारुतीला गेल्या असताना मधूकाका मागच्या बाजूने आले आणि मोगऱ्याच्या कुंडीसमोर उभे राहिले. वाकायचं नव्हतं म्हणून त्यांनी कुंडीच कठड्यावर उचलून घेतली. शेजारची एक बाई वरून बघत होती. त्यांनी तिला नमस्कार केला. मातीत बोटं घालून नमस्कार करणारा माणूस वेडा असला तरी सभ्य असतो, असं तिला वाटलं असावं. ती आत गेली.

चोथा वाळून मातीला चिकटला होता. त्यांनी तो पाण्याच्या वाटीत सोडला. हळूहळू पानं उमलली. जाड, तपकिरी, चामड्यासारखी, सगळी जुनी. हरिचंद्रांचाच चहा. आणि त्यांच्यामध्ये काही पातळ, बारीक तुकडे तरंगले. त्यांच्या कडांना दाते होते, पण दाते चहाच्या पानालाही असतात. देठाकडचा भाग मात्र एका अंगाला झुकलेला, जणू पान कापताना कोणाचा हात चळला. चहाचं पान देठाशी सरळ असतं.

मधूकाकांनी एक तुकडा जिभेवर ठेवला. हे पान त्यांनी यंदाच पाडव्याला खाल्लं होतं. पाडव्याला आपण तोंड वाकडं करायचं ठरवूनच बसतो, म्हणून ओळख पटते. परदेशी चहाच्या कपात कडुलिंब कोण ओळखणार? या चहाचं कडू असणं तर सगळ्यांनी आधीपासून मान्य केलं होतं.

तिथून ते थेट सोनिवली गावात गेले. विठाआत्या अंगणात तूर वाळवत होत्या. त्यांच्या घरामागे चैत्रालीच्या इमारतीचे मजले वर गेलेले होते, आणि पुढे कडुलिंब. मधूकाकांनी विचारलं, गेल्या वर्षी पद्मजावहिनींची साठवण कोणी भरली.

ती दर वर्षी विठाआत्याच भरायच्या. अक्षय्य तृतीया झाली की गव्हाला ऊन, तांदळाला एरंडेल, आणि सगळ्यात कडुलिंबाचा पाला, नाहीतर किडे होतात. गेल्या वर्षी पहिल्यांदाच त्यांची नजर माळ्यावरच्या हरीच्या बरणीवरही गेली. नुसता दादरा बांधलेला. भावाचा पाला म्हणून काय किडे सोडतात?

"मी तं सगळ्यांत घातला, तवा हरीच्यात बी घातला," विठाआत्या म्हणाल्या. "मना कोनी इचारलाच नाय. जो तो इचारतो, बरणीतून काय काढलास. मी काय बी काढला नाय."

मधूकाकांना एकदम हलकं वाटलं. चोर नाही, भूत नाही. बहिणीची माया आणि वर्षभर मुरलेला कडुलिंब. त्यांनी विठाआत्यांना हेही सांगून टाकलं की हरी वगैरे कोणी मागे फिरलेलं नाही. विठाआत्यांनी तूर परतत मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

निघताना त्यांनी उगाच विचारलं की पाला किती घातला होता, चुरा करून का.

"चुरा कोन घालतो, भाऊ? डहाळ्याच घालायच्या. चांगल्या मूठभर. मंग काढता येतात."

मधूकाका फाटकात थांबले. वाटीत एकही डहाळी नव्हती. नुसते बारीक तुकडे. डहाळ्या किटली करायच्या आधीच कोणीतरी निवडून काढल्या होत्या, आणि उरलेलं दिसू नये म्हणून गाळणी धरली होती. आणि किटलीसाठी ती बरणी पद्मजाबाईंखेरीज कोणी उघडत नसे.

६

मधूकाका दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा पद्मजाबाई दारातच उभ्या होत्या. मोगऱ्याची कुंडी कठड्यावरच राहिली होती. ती बघून त्यांनी काय ते ओळखलं होतं.

त्यांनी काही नाकारलं नाही. चैत्राली खोकी बांधत होती म्हणून त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी बरणी उतरवली, आणि वर डहाळ्या दिसल्या. वन्संचं काम. डहाळ्या काढल्या, चहा वाया गेला का बघायला चमचाभर पानं टाकून एकटीपुरता करून बघितला. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तोच दिला, गाळून.

त्या खोटं एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. पहिल्या वर्षी असाच होता, एवढंच म्हणाल्या. भूत वन्संनी आणलं, दिवे महावितरणने घालवले.

मधूकाकांनी विचारलं, का.

पद्मजाबाई बसल्या. हरिचंद्रांच्या खुर्चीत नाही, तिच्याशेजारी.

"मी 'जायचं नाही' म्हटलं तर तो हट्ट. तुझं वय झालं, आई, तुला कळत नाही. ह्यांना जायचं नाही म्हटलं तर ती इच्छा. जिवंत बाईपेक्षा मेलेल्या माणसाचं जास्त ऐकतात, भावजी. मी सहा महिने सांगत होते. ह्यांनी एका घोटात सांगितलं."

मधूकाका भिंतीवरच्या रेघेकडे बघत राहिले. कधीतरी पुढच्या श्रावणात ही बाई त्या ओट्यावर पुन्हा मांडी घालून बसलेली असेल, आणि रेघ तिच्यापेक्षा वर असेल. रंगाच्या माणसाला रेघ दिसतेच. आणि रस्त्याच्या अलीकडे चैत्राली. चैत्रालीला आई हवी होती, आणि पद्मजाबाईंना स्वतःचा शब्द. दोघींच्या मध्ये एका गेलेल्या माणसाला उभं केलं होतं, आणि तो बिचारा दोन्हीकडून बोलत होता.

म्हणून त्यांनी एवढंच विचारलं की माळ्यावर खाकरणं, पंखा, खुर्चीची गरम बैठक, हेही तुमचंच का.

पद्मजाबाई पहिल्यांदा गोंधळल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "चहा तेवढा माझा. मी एकटीने केला ना त्या दिवशी, कडुलिंब आहे हे ठाऊक होतं. तरी घोट घेतला आणि हे दारात उभे. ते मी बोलावलेले नव्हते, भावजी. तेव्हापासून ते गेले नाहीत."

पंखा एक नंबरवर फिरत होता. मधूकाकांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मग ते म्हणाले की त्यांचं काम रंग जुळवायचं होतं, तो जुळला. चैत्रालीला त्यांनी आजची वेळ दिली आहे, ती येईल. चोर कोण, हे सांगायचं काम ते करणार नाहीत. पण ती विचारेल तेव्हा त्यांना खोटंही बोलता येणार नाही. हरिचंद्रांच्या घरात तर नाहीच.

७

चैत्राली आली ती उभ्या उभ्याच विचारत आली. समीर होता ना, काका?

मधूकाकांनी वहिनींकडे बघितलं. पद्मजाबाईंनी डहाळ्यांपासून गाळणीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी एकदाही हरिचंद्रांचं नाव घेतलं नाही. चैत्राली ऐकता ऐकता खाली बसली. मधूकाकांना वाटलं, आता ही चिडेल. ती चिडली नाही. ते जास्त अवघड गेलं.

"तू माझ्याशी भांडायचंस ना," ती म्हणाली. "बाबांना कशाला मध्ये घातलंस. मी तीन वर्षं त्यांची एक खूण मिळावी म्हणून वाट बघत होते. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले, आई. आनंदाने."

पद्मजाबाईंचा चेहरा उतरला. हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. लेकीला भुताची अडचण होते आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

चैत्राली मग पाण्याबद्दल बोलली. आईच्या हट्टाची, भुताची, कशाचीच तिला भीती वाटत नाही. फोन लागत नाही तेव्हा वाजणाऱ्या त्या बाईच्या आवाजाची वाटते. उल्हास नदीला पाणी चढल्याची बातमी आली की बँकेच्या काउंटरवर बसून तिचे हात गार पडतात.

आई उठली, आत गेली. आतून मांडणीवरची भांडी वाजली. बाहेर आली तेव्हा तिने ठरवून टाकलेलं होतं, आणि ते तिने लेकीकडे बघून सांगितलं. आषाढ लागायच्या आत ती सोनिवलीला येईल. दसरा झाला की परत इथे. दर वर्षी असंच. तिकडे तिची खोली असेल, दार लावून घेता येईल अशी, आणि सकाळी कोणी उठवायचं नाही. इकडची किल्ली मधूभावजींकडे. पाणी ओसरलं की रेघेवर रंग तिचा ती निवडेल. आणि यातली एकही गोष्ट पुन्हा समजावून सांगायची नाही.

चैत्रालीने मान हलवली. मग तिचं लक्ष माळ्याकडे गेलं आणि आवाज आपोआप खाली आला.

"आणि बाबा? त्यांचं काय म्हणणं आहे?"

"त्यांना कोणी विचारलंय," पद्मजाबाई म्हणाल्या, आणि उठून दोनवर गेलेला पंखा स्वतःच्या हाताने एकवर आणला. "मी सांगितलंय."